पहिल्यांदा पीक कर्ज काढताय? रकमेआधी तारखा समजून घ्या

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पेरणीचे आठ-दहा दिवस असतात. त्या दिवसांत खिशात पैसे आहेत की नाहीत, यावर त्याचे पुढचे वर्ष ठरते. पैसे असले तर बियाणे-खत रोखीने, पावती घेऊन, मनाजोग्या दुकानातून येते. नसले तर उधारी देणाऱ्या एकाच दुकानाची पायरी चढावी लागते. दुकानदार देईल ती पिशवी, सांगेल तो भाव. मग दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनमध्ये ओल असतानाच ते त्याच माणसाच्या काट्यावर जाऊन पडते.

वडील गेल्यावर आमच्या पावणेतीन एकरांचा कारभार माझ्याकडे आला. त्या वर्षी पीक कर्ज मंजूर झाले, पण पैसे हातात पडले ऑगस्टमध्ये. वारस नोंद व्हायची राहिली होती, म्हणून फाइल अडली. तोवर पेरणी सावकाराकडून महिना शेकडा तीनने उचललेल्या पैशांवर झाली होती. बँकेचे स्वस्त कर्ज आले आणि तसेच सावकाराच्या घरी गेले. तेव्हापासून गावात कोणी पहिल्यांदा कर्ज काढणार असेल तर त्याच्यासोबत बसून मी कागद लावून देतो. तेच इथे क्रमाने लिहितो आहे. अनुभव महाराष्ट्रातल्या एक-दोन हेक्टरच्या शेतीचा आहे.

आधी हे कर्ज काय आहे ते समजून घ्या

पीक कर्ज म्हणजे हंगामापुरते, अल्प मुदतीचे कर्ज. ते आज बहुतेक ठिकाणी किसान क्रेडिट कार्डाच्या रूपात मिळते. ही योजना १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०१८-१९ पासून पशुपालन व मत्स्यव्यवसायालाही लागू झाली. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर यांसाठीचे मध्यम आणि दीर्घ मुदतीचे कर्ज वेगळे. त्याचे व्याज वेगळे, हप्ते वेगळे. ही दोन्ही कर्जे डोक्यात एक करू नका. पीक कर्जावरची व्याज सवलत ट्रॅक्टरच्या कर्जाला मिळत नाही.

सवलतीचे गणित असे आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला शेतकऱ्यासाठी व्याजाचा दर ७ टक्के. मुदतीत फेडले तर केंद्र सरकार ३ टक्के परतावा देते, म्हणजे दर ४ टक्क्यांवर येतो. त्यावर महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. २०२१-२२ पासून या योजनेत ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला राज्याचीही सवलत मिळते आणि वेळेवर फेडणाऱ्याचे व्याज जवळजवळ संपते. लोक ज्याला 'शून्य टक्के' म्हणतात ते हेच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३ लाखांची मर्यादा ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली होती. तुमच्या कर्जाला कोणती मर्यादा लागते ते शाखेत विचारून घ्या, पण दोन-तीन एकरवाल्याची गरज बहुधा ३ लाखांच्या आतच भागते.

या सगळ्यात कळीचा शब्द 'मुदतीत'. देय तारीख एक दिवसाने जरी चुकली तरी परतावा हातचा जातो आणि पुढे बँकेचा नेहमीचा, चढा दर लागतो.

पहिली पायरी: पौष-माघात सातबारा हातात घ्या

कर्जाचे काम जूनमध्ये सुरू करणारा माणूस उशीर करून बसलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा खाते उतारा) काढा. सातबाऱ्याला १५ रुपये लागतात आणि तो कायदेशीर कामाला चालतो. काढल्यावर घडी घालून ठेवू नका, ओळ न ओळ वाचा.

नाव आधारवरच्या नावाशी जुळते का? क्षेत्र आणि तुमचा हिस्सा बरोबर आहे का? 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे? तिथे आजोबांच्या काळातला, कधीच फिटलेला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून बसलेला असतो, आणि नवी बँक त्यावरच बोट ठेवते. जुन्या बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज करा.

वारस नोंदीचे काम तर कधीच मागे ठेवू नका. महसूल कायद्याप्रमाणे मिळालेल्या हक्काची खबर ३ महिन्यांत द्यायची असते. फेरफार, म्हणजे हक्कातला बदल, नोंदल्यावर हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कागदावर महिनाभराचे काम, पण एका बहिणीची सही पुण्यात आणि एका भावाची सुरतेत असली की हंगाम निघून जातो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, मला माहीत आहे. तरी घरातल्या एका तरी माणसाने ते अंगावर घ्यावे. आणि नोंद करताना आईचे, बहिणीचे नाव गाळू नका. विधवा आईचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर तिला ना कर्ज मिळते ना विमा, आणि शेतात राबणारी मात्र तीच असते.

याच दिवसांत शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, काढून घ्या. आणि हंगामात ई-पीक पाहणी चुकवू नका. २०२१ पासून आपले पीक आपणच मोबाइलवरून नोंदवायचे आहे. सातबाऱ्यावर शेत पडीक दिसले तर कर्ज, विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी अशी चारही दारे एकदम बंद होतात.

दुसरी पायरी: सोसायटी की बँक?

गावातली विविध कार्यकारी सेवा सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि सगळ्यांच्या वर राज्य सहकारी बँक, ही आपली जुनी तीन मजली व्यवस्था. दुसरीकडे राष्ट्रीयीकृत, ग्रामीण आणि खासगी बँका.

सोसायटीत गटसचिव ओळखीचा असतो, कागद कमी लागतात, सभासद झालात आणि शेअर घेतलेत की कमाल मर्यादा पत्रकात, म्हणजे कोणाला किती कर्ज द्यायचे त्या यादीत, तुमचे नाव चढते. सहीला तालुक्याला चकरा माराव्या लागत नाहीत. मात्र त्या पत्रकात नाव वेळेत चढले का ते स्वतः पाहा, गटसचिव लिहील या भरवशावर राहू नका. दुसरी गोष्ट, तुमची जिल्हा बँक धडधाकट आहे का? नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँका एके काळी परवान्याअभावी अडचणीत आल्या, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना नव्याने बँका शोधत फिरावे लागले. ज्या जिल्ह्यात बँक सुस्थितीत आहे तिथे लहान शेतकऱ्याला सोसायटी सोयीची, असे माझे मत आहे.

राष्ट्रीयीकृत बँकेत मर्यादा थोडी जास्त बसते आणि पैसे काढण्या-भरण्याची मोकळीक असते. पण आपले गाव कोणत्या शाखेकडे दत्तक आहे ते आधी विचारा, नाहीतर अर्ज या शाखेतून त्या शाखेत फिरत राहतो. दोन्हीकडे एकाच जमिनीवर पीक कर्ज मात्र काढू नका. बोजाच्या नोंदीत ते उघडे पडते आणि दोन्ही दारे बंद होतात.

तिसरी पायरी: तुमची मर्यादा किती, हे आधी घरी काढा

प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी पीकनिहाय हेक्टरी कर्जदर ठरतो. जिल्ह्याची तांत्रिक समिती तो ठरवते. सोयाबीनचा वेगळा, कापसाचा वेगळा, उसाचा बराच जास्त. हा दर शाखेत किंवा सोसायटीत विचारला तर सांगावाच लागतो.

समजा तुमचे क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे आणि तुमच्या पिकाचा दर हेक्टरी ६० हजार धरला. पिकाचे कर्ज झाले ७२ हजार. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमाप्रमाणे त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये. अवजारे, पंप यांच्या देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे १४,४०० रुपये. एकूण ९३,६०० आणि वर विम्याचा हप्ता. कार्ड ५ वर्षांचे असते आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी १० टक्के वाढ धरायची असते. सोसायटीत बहुधा फक्त ७२ हजारांचाच हिशेब होतो. बँकेत मात्र हे वरचे ३० टक्के मागून घ्या, कारण लहान शेतकऱ्याचा पैसा शेतापेक्षा घरात आधी संपतो. मुलाची फी आणि दवाखाना कधी पेरणीनंतर येऊ म्हणून थांबत नाहीत.

यात तारण किती? १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला वेगळे तारण मागता येत नाही. पीक हेच तारण. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर प्रक्रिया शुल्क, तपासणी शुल्क घेऊ नये, असे बँकांनी २०१९ मध्येच मान्य केले आहे. तरीही कोणी 'फाइल चार्ज' मागितला तर पावती मागा. पावती मागितली की बहुतेक वेळा मागणीच मागे घेतली जाते.

चौथी पायरी: अर्ज आणि पोच

सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, फोटो, पिकाच्या पेऱ्याची माहिती, इतर बँकांचे येणे नसल्याचे दाखले आणि काही शाखांत चतुःसीमा. एवढे एका पिशवीत असू द्या, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती.

मार्च-एप्रिलमध्येच अर्ज द्या आणि पोच घ्या. 'साहेब नाहीत, ठेवून जा' असे म्हटले तर ठेवून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी या, पण शिक्का आणि तारीख घेऊनच परता. पूर्ण कागदांसह अर्ज गेल्यावर दोन आठवड्यांत निर्णय व्हावा, अशी अपेक्षा आहे, आणि हे दोन आठवडे मोजायचे कुठून, तर त्या शिक्क्यापासून. तोंडी नकार घेऊ नका. नकार असेल तर कारणासह लेखी द्या म्हणा.

सिबिलचा, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या अहवालाचा, मुद्दा निघतोच. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे, तरी शाखेत प्रश्न होतो. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो, तो आधीच काढून पाहा. मोबाइलच्या हप्त्याचे थकलेले दोन हजार किंवा दुसऱ्याच्या कर्जाला दिलेला जामीन तिथे तुमच्या नावावर दिसतो.

बँकेने ३० दिवसांत तक्रारीला दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८. सोसायटीबद्दलची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे.

पाचवी पायरी: पैसे आल्यावर

किसान क्रेडिट कार्ड हे रोकड कर्जाचे खाते आहे. व्याज मंजूर रकमेवर नाही, उचललेल्या रकमेवर लागते. तरीही गावोगाव पहिल्याच दिवशी सगळी रक्कम काढून आणण्याची रीत पडली आहे. मन सांगते, पैसे आत ठेवले तर बँक परत देईल की नाही! पण एकदा घरी आलेले ७२ हजार पेरणीपर्यंत ७२ हजार राहत नाहीत. बियाणे-खताला लागतील तेवढे जूनमध्ये, फवारणी-निंदणीचे जुलै-ऑगस्टमध्ये, काढणीचे त्यानंतर, असे उचला.

विम्याचे इथेच बोलतो. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही पीक विमा ऐच्छिक आहे, पण नको असेल तर अंतिम तारखेच्या ७ दिवस आधी तसे लेखी द्यावे लागते, नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो. राज्यातला १ रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने तो भरावा, असे मी सांगतो. मात्र बँकेने कोणत्या पिकाचा विमा उतरवला ते पावतीवर वाचा. शेतात तूर आणि कागदावर सोयाबीन असेल तर हप्ता वाया जातो.

सहावी पायरी: ३१ मार्च आणि 'नवे-जुने'

सगळ्यात जास्त माणसे इथे बुडतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

खरीप कर्जाची फेड आपल्याकडे साधारण ३१ मार्चपर्यंत करायची असते. पैसे जमलेले नसतात. मग गावात एक माणूस आठ-दहा दिवसांसाठी रक्कम देतो. ती भरून जुने कर्ज बंद करायचे, नवे मंजूर करून घ्यायचे आणि त्याचे पैसे त्याला परत करायचे. यालाच 'नवे-जुने करणे' म्हणतात. कागदावर शेतकरी नियमित, बँकेची वसुली शंभर टक्के, व्याज सवलतही पक्की.

आता आकडे मांडू. ७२ हजारांना बँकेचे ४ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २,८८० रुपये. हा माणूस दहा दिवसांनाही पुरा महिना धरतो. शेकडा ५ लावले तर ३,६०० रुपये. म्हणजे बँकेच्या वर्षभराच्या व्याजापेक्षा दहा दिवसांचे जास्त. नवे कर्ज दोन महिने लांबले तर ७,२००. शून्य टक्क्याचे कर्ज अशा रीतीने दहा टक्क्यांना पडते, आणि कुठल्याही सरकारी तक्त्यात ते दिसत नाही. शिवाय नव्या कर्जाचा पैसा त्याचे देणे फेडण्यात गेल्याने जूनमध्ये पेरणीला पुन्हा तोच माणूस.

यातून एका वर्षात सुटणे अवघड आहे, पण सुटता येते. सोयाबीन, मूग, उडीद विकला की त्याच दिवशी पावतीतला निदान एक तृतीयांश कर्ज खात्यात भरा. बँकेच्या कार्ड खात्यात भरलेले पैसे मर्यादेत परत उचलता येतात, त्यामुळे ते अडकत नाहीत आणि व्याज मात्र त्याच दिवसापासून कमी होते. तूर फेब्रुवारीत येते, तिचा पैसा या खात्याचाच समजा. मार्च उजाडताना देणे ७२ ऐवजी २५ हजारांवर आले असेल, तर तेवढे भाऊबंदांकडूनही उभे राहते.

बरेच शेतकरी कर्जमाफीची वाट पाहत मुद्दाम थांबतात. त्यांना मी दोष देत नाही. माफी अनेकदा झाली आहे: २००८ ची केंद्राची, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना. पण प्रत्येकीला अटी होत्या. २००८ मध्ये पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच होती, त्यामुळे विदर्भातला पाच एकरांहून थोडी जास्त कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी तिच्या बाहेर राहिला. त्या जमिनीला पाणी नव्हते, उत्पन्न नव्हते, पण एकर होते. २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतचे थकीत कर्ज माफ झाले, नियमित फेडणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळाले. पुढची माफी कोणत्या तारखेचे कर्ज धरेल हे आधी कळत नाही. थकलेल्या माणसाला मात्र त्या जूनमध्ये नवे कर्ज मिळत नाही, आणि तो हंगाम सावकाराच्या पैशांवर निघतो, हे दरवर्षी डोळ्यांसमोर दिसते.

पीक गेले तर

अतिवृष्टी, गारपीट, दुष्काळ यात ३३ टक्के किंवा अधिक नुकसान जाहीर झाले, तर पीक कर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करता येते. यालाच पुनर्गठन म्हणतात. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर जास्तीत जास्त २ वर्षे आणि ५० टक्क्यांवर असेल तर ५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. पुनर्गठन झाले की खाते थकीत ठरत नाही आणि पुढच्या हंगामाला नवे कर्ज मागता येते. अडचण एवढीच की हे कोणी घरी येऊन सांगत नाही. गावाची पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज), पंचनामा आणि जिल्ह्याचा निर्णय यांची माहिती काढून, देय तारखेच्या आत अर्ज द्या. सही करण्यापूर्वी हप्ता किती आणि कधी ते लिहून घ्या, कारण पुढे जुना हप्ता आणि नवे कर्ज दोन्ही फेडायचे असते. नुकसानीच्या मदतीतून कर्जवसुली करू नये, असे राज्य सरकारचे आदेश आहेत. खात्यावर 'होल्ड' लावला तर तहसीलदारांकडे अर्ज करा.

माल विकण्याची घाई नसावी म्हणून

कर्ज फेडायच्या धास्तीने माणूस पडत्या भावात विकतो. त्यावर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, मूग, हरभरा असा माल ठेवायचा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी उचलायची. आपल्या समितीत ती चालू आहे का, काढणीच्या आधी विचारा. दोन-चार पोत्यांसाठी गाडीभाडे परवडत नाही, तेव्हा शेजारच्या तिघा-चौघांनी मिळून माल न्यावा.

ज्यांच्या नावावर जमीन नाही

बटईने, ठोक्याने करणाऱ्यांनाही किसान क्रेडिट कार्डाच्या नियमात जागा आहे. ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट (एकमेकांच्या कर्जाला जबाबदार राहणारा) करून कर्ज मागता येते. व्यवहारात मालक कागद लिहून द्यायला भितो, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. त्यामुळे माझ्या पाहण्यात हे कर्ज फार थोड्यांना मिळाले आहे. जवळच्या बचत गटाला आधी बँकेशी जोडून घेणे बायकांना जास्त जमते.

आणि सावकाराचे घेतलेच असेल, तर तो परवानाधारक आहे का ते पाहा. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा महाग देता येत नाही. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत लिहून घेतले असेल, तर १५ वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराची जिल्हा उपनिबंधक चौकशी करू शकतो आणि जमीन परत देण्याचा आदेशही काढू शकतो. अशा जमिनी परत मिळालेल्या आहेत. त्यासाठी साध्या कागदावरचा अर्ज आणि हाती असेल तो पुरावा, एवढ्यावर सुरुवात होते.

फेड झाली की त्याच आठवड्यात खात्याचा उतारा काढा. केंद्राचा आणि राज्याचा व्याज परतावा मागाहून जमा होतो. सहा महिन्यांनी तो आला का, पुन्हा पाहा. नसेल तर फेडीच्या तारखेची पावती जोडून शाखेत लेखी अर्ज द्या. ती पावती आणि पोचेचा शिक्का असलेला अर्ज, हे दोन कागद त्या पिशवीतच राहू द्या. जानेवारीत सातबारा काढायला जाल तेव्हा ते लागतील.